चढावरचा धूर

बेळगावात आमचं घर पासिंगच्या मैदानाला लागून होतं. भाड्यानं चालणाऱ्या प्रत्येक गाडीला, मग ती टॅक्सी असो, ट्रक असो की सीटा भरून चालणारी वडापची जीप, वर्षातून एकदा आरटीओच्या साहेबांपुढं उभं राहावं लागायचं. ब्रेक, दिवे, हॉर्न, स्टिअरिंग आणि धूर एवढं बघून साहेब गाडी रस्त्यावर सोडायची की नाही ते ठरवायचे. त्याला सगळे पासिंग म्हणत. पासिंगचा वार मंगळवार, म्हणून आमच्या घरातला आठवडा सोमवारी दुपारी सुरू व्हायचा. निपाणीकडून, कोगनोळीकडून, खानापूरकडून गाड्या येऊन आमच्या अंगणात आणि अंगणाबाहेरच्या चिंचेखाली लागायच्या. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, त्या गाड्या दुसऱ्या दिवसासाठी तयार करायचे. कुणाचा ब्रेक आवळायचा, कुणाच्या दिव्याची वायर जोडायची, कुणाचा हॉर्न बसलेला असायचा तो बोलता करायचा. आई चुलीपुढं बसून ड्रायव्हरांसाठी भाकऱ्या थापायची. भाकरी थापल्याचा आवाज आणि अंगणातला हातोडीचा आवाज एकात एक मिसळायचे. आज सत्तरी ओलांडल्यावरही कुठं भाकरी थापायचा आवाज आला की माझ्या नाकात आधी डिझेलचा वास येतो, मग भाकरीचा.

आप्पांनी तरुणपणी ट्रकवर आधी क्लीनर म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून काम केलं होतं. शेताचे भावाभावांत इतके तुकडे झाले होते की वाट्याला आलेल्या पट्टीत बैल वळवायला जागा नव्हती. पुढं पाठीनं दगा दिला आणि त्यांनी स्टिअरिंग सोडून पाना हातात घेतला. गाड्यांचं शिक्षण म्हणाल तर ते रस्त्यावरच झालेलं. माणूस कमी बोलायचा. आनंद झाला तरी चहा मागायचे आणि राग आला तरी चहाच मागायचे. आई बेळगुंदीची, बोलण्यात सडेतोड. माहेराहून रताळ्यांची पोती यायची. निखाऱ्यात भाजून ती ड्रायव्हरांच्या हातावर ठेवायची, सोबत कारळ्याची चटणी आणि वाटीभर नाचणीची आंबील. पुष्कळ ड्रायव्हर म्हणायचे, पासिंग नसतं तरी आम्ही वैनींच्या आंबिलीसाठी आलो असतो. आईला ते आवडायचं, पण ती म्हणायची, आधी पायाचा चिखल धुवा.

मी त्या वेळी घरीच होते, कारण पीयूसीत नापास झाले होते. आमच्या कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकलेल्या मला तिथं सगळंच इंग्रजीत आलं आणि मी इंग्रजीच्या पेपरातच आडवी झाले. हल्ली गाडीच्या धुराच्या दाखल्यालाही पीयूसीच म्हणतात. नातू मला चिडवतो, आजी, आपली गाडी पीयूसी पास झाली, तूच राहिलीस बघ. मी हसते. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. स्थळं बघणं चालू झालं होतं, मैत्रिणी कॉलेजात जात होत्या आणि मी घरात नुसती फिरत होते. त्याच सुमारास आप्पांच्या हाताखालचा माणूस गोव्याला निघून गेला. गाडीचं बॉनेट उघडून आप्पा आत वाकले की कुणीतरी सीटवर बसून रेस द्यायला लागायचं. एका सोमवारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, बस वर, मी सांगीन तेव्हा पाय दाब, सांगीन तेव्हा सोड. मी बसले, ती बसलेच. इंजिन बरोबर चालतंय की अडखळतंय हे आधी माझ्या तळपायाला कळायला लागलं आणि मग कानाला. पुढं पुढं मी खाली उतरून पान्यालाही हात घालू लागले. आप्पा काही बोलले नाहीत. नको असतं तर बोलले असते.

धुराचं काम आप्पांकडं सगळ्यात जास्त यायचं. मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं, साहेबांचे डोळे हेच यंत्र. डिझेल गाडी काळा धूर सोडते, कारण इंजिनात डिझेल जास्त जातं आणि हवा कमी पडते. आप्पांचा उपाय सोपा होता. इंजिनाच्या डिझेल पंपाचा एक स्क्रू थोडा फिरवला की डिझेल कमी जातं आणि धूर जातो. गाडीचा दमही जातो, पण मैदानात उभ्या उभ्या रेस द्यायला दम लागत नाही. साहेब बघायचे, मान हलवायचे, गाडी पास व्हायची. दुपारी तीच गाडी पुन्हा आमच्या अंगणात यायची आणि आप्पा तो स्क्रू पहिल्या जागी आणून ठेवायचे. कारण निपाणीकडं परतायचं तर वंटमुरीचा घाट आणि पुढं तवंदीचा घाट चढायचा असायचा आणि तिथं दम नसलेली गाडी बैलगाडीच्या मागं राहते. स्क्रू मागं फिरला की सायलेन्सरमधून पहिला काळा लोट यायचा तो आमच्याच अंगणात. आप्पांना ही फसवणूक वाटायची नाही. ड्रायव्हर लोकांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून आपण मदत करतो, असं ते मानायचे. त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर ते खोटंही नव्हतं.

मग नवे साहेब बदलून आले. म्हैसूरकडचे होते, उंच, शांत आवाजाचे. मराठी त्यांना येत नव्हतं आणि आमच्याकडचं कन्नडही त्यांना जरा वेगळंच वाटायचं. पहिल्या मंगळवारी त्यांनी मैदानात रेस द्यायला लावलीच नाही. गाडीत माणसं बसवायला सांगितली आणि मैदानामागचा चढ दाखवला. गाडी वर न्यायची आणि आपण खाली उभं राहून मागून बघायचं, अशी त्यांची रीत. त्या दिवशी आप्पांनी तयार केलेल्या गाड्या चढाच्या मध्यावर धापा टाकत उभ्या राहिल्या. एकदोन ड्रायव्हरांनी घाईघाईनं कडेला थांबून स्क्रू स्वतःच मागं फिरवला, तर गाडी चढली, पण मागं सगळा चढ काळा झाला. साहेब रागावले नाहीत. एकेकाला एवढंच म्हणत गेले, "होगे जास्ती इदे." होगे म्हणजे धूर. तंबाखूला कन्नडात होगेसोप्पु म्हणतात, धुराचा पाला. निपाणीकडच्या तंबाखूच्या रानातून आलेल्या त्या ड्रायव्हरांना हा शब्द काही नवा नव्हता, पण त्या दिवशी तो ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली.

त्यांच्यात दत्तूअण्णा होता. बोरगावचा. त्याचे आईवडील दोघंही तंबाखूच्या वखारीत राबून गेलेले. तोही पोरवयात तिथंच होता आणि तिथल्या धुळीच्या खकाण्यानं त्याची छाती कायमची बिघडली होती. बोलताना मध्येच थांबून खोकायचा. लायसन काढून टॅक्सीवर बसला तेव्हा त्याच्या घरात मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावणारा तो पहिला माणूस होता. गाडी त्याची नव्हती, तिथल्याच एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची होती. जुनी पेट्रोलची मोटार, तिला नंतर डिझेल इंजिन बसवलेलं. पण बोरगावात कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणाला अडली, की लोक मालकाच्या नव्हे, दत्तूअण्णाच्या दारात जायचे. निपाणीत जमलं नाही तर तो मिरजेपर्यंत घेऊन जायचा. त्या मंगळवारी साहेबांनी त्याला पुढच्या मंगळवारची मुदत दिली आणि मालकाचा निरोप त्याच दुपारी आला. पुढच्या खेपेलाही पास झाली नाही तर गाडी भंगारात घालणार, आणि दत्तूनं पाहिजे तर वखारीत यावं, काम देतो.

दत्तूअण्णा आमच्या पायरीवर बसला होता. आईनं पुढं ठेवलेली आंबील तशीच होती. तो म्हणाला, "वैनी, वखारीत गेलो तर म्या दोन पावसाळं काढणार न्हाय. डॉक्टरनंच सांगितलंय."

 बाकीचे ड्रायव्हर एक एक करून निघाले. जाताना काही जण आप्पांना ऐकू येईल असं म्हणाले की आता दुसरीकडं माणूस बघायला पाहिजे. आप्पांनी चहा मागितला.

त्या दुपारी आप्पांनी दत्तूअण्णाची गाडी अंगणात घेतली आणि स्क्रू कधी इकडं, कधी तिकडं फिरवत बसले. चढता येईल आणि धूरही दिसणार नाही अशी जागा कुठंतरी मधे असेल, असा त्यांचा हिशेब होता. मी सीटवर बसून रेस देत होते. आईनं पलीकडं खाटेवर सांडगे आणि पापड वाळत घातले होते, ते आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. काही वेळानं आई बाहेर आली, खाटेजवळ उभी राहिली, वाकून एक पापड उचलला. पांढऱ्या पापडावर मिरं कुटून टाकावं तशी काजळी बसली होती. तिनं एक एक करून सगळे पापड सुपात भरले आणि ते सूप आणून बॉनेटवर, आप्पांच्या नाकासमोर ठेवलं.

"हे कोण खाणार?" ती म्हणाली. "गाडी नीट करायची तर अंगणात करा. नुसता साहेबास्नी दाखवायला धूर दाबायचा असंल तर मैदानात जावा. हितं न्हाय."

आप्पा म्हणाले, जुनं इंजिन आहे, नीट करायचं म्हणजे सगळं खोलावं लागेल, त्याला वेळ कुठं आहे. आई आत निघून गेली. मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पायरीवर बसून खोकणारा दत्तूअण्णा दिसत होता, समोर काळे झालेले पापड होते, आणि वर्षभर रिकामं बसलेलं माझं मन कुठंतरी पाय रोवायला जागाच शोधत होतं. मी खाली उतरले आणि म्हणाले, आप्पा, मंगळवारपर्यंत दिवस आहेत. खोलूया. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग सुपातला एक पापड उचलून त्यावरची काजळी अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला. ती पसरली. त्यांनी पापड परत ठेवला आणि पान्यांची पिशवी जमिनीवर ओतली.

त्यानंतरचे दिवस मला एका लांबलचक दिवसासारखे आठवतात. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं आणि गाडीखाली जायचं. डिझेल फवारणारे नोझल काढले, रॉकेलमध्ये बुडवून साफ केले. व्हॉल्व्हची फट बघून नीट केली. एअर क्लीनर उघडला तर तळाच्या तेलात तंबाखूचा खकाणा बसून काळा लगदा झाला होता. तो काढताना मला इतक्या शिंका आल्या की दत्तूअण्णा पहिल्यांदाच हसला. तो बोरगावला परत गेलाच नव्हता, आमच्याच पडवीत अंथरूण टाकून राहिला होता. भांडी काढ, रॉकेल आण, आईला पाणी भरून दे, जे दिसेल ते करायचा. आई त्याला आमच्याच पंगतीत बसवून वाढायची. शेजारणी बघायच्या, एकदोघींनी आईला बाजूला घेऊन विचारलंही, बोरगावच्या कुठल्या आळीतला हा म्हणून. आईनं सांगितलं, माझ्या पोरीसंगट काम करतोय, जेवंल तर तिच्या शेजारीच. पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मामा बेळगुंदीहून रताळ्यांची पोती आणि एक स्थळ घेऊन आला. पाहुणे मंगळवारी मुलगी बघायला येतो म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मी त्याच वेळी गाडीखालून बाहेर आले. कोपरापर्यंत काळी, केसांत ग्रीस. मामा माझ्याकडं बघत राहिला आणि मग आईकडं. त्याला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट होतं. आईनं भाकरी परतली आणि म्हणाली, मंगळवारी जमणार न्हाय, मंगळवारी पासिंग हाय. जणू परीक्षा माझीच होती. मामा पोती टेकवून, चहा पिऊन गेला. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. त्याचं मला त्या वेळी थोडं वाईट वाटलं, नंतर कधीच वाटलं नाही.

इतकं करूनही धूर गेला नाही. अंगणात गाडी उत्तम चालायची. सायलेन्सरच्या तोंडापुढं धोतराचा ओला तुकडा धरला तर त्यावर फिकट डाग पडायचा, त्यापेक्षा जास्त काही नाही. पण चढावर नेली की मागून पुन्हा काळा लोट. आप्पा म्हणाले, झालं, इंजिनच संपलंय, आपण पुष्कळ केलं. दत्तूअण्णानं मान खाली घातली. मला मात्र एक गोष्ट टोचत होती. संपलेलं इंजिन अंगणातही धूर सोडेल. हे सोडत नव्हतं. म्हणजे चढावर असं काहीतरी होत होतं जे अंगणात होत नव्हतं, आणि चढावर ते बघायला आमच्यापैकी कुणाचे डोळे इंजिनावर नव्हते, बॉनेट तर बंद असायचं. मी म्हणाले, बॉनेटच काढून टाकू आणि तशीच वर नेऊ. आप्पांना ते पटेना. उघड्या इंजिनाची गाडी गावातून न्यायची आणि पुढच्या सीटवर पोरगी, लोक काय म्हणतील, असं ते म्हणाले. मी म्हणाले, लोकांनी आधीच म्हणून झालंय.

सोमवारी सकाळी आम्ही बॉनेट उतरवून चिंचेला टेकवलं. वजन पाहिजे म्हणून मामाची रताळ्यांची पोती मागच्या सीटवर आणि डिकीत भरली. आप्पा मागं पोत्यांवर बसून काचेतून धूर बघणार, दत्तूअण्णा चालवणार, मी त्याच्या शेजारी. मैदानाच्या कडेला चहावाल्याजवळ उभी असलेली माणसं हसली. कुणीतरी विचारलं, रताळ्याचं पासिंग काय. गाडी चढाला लागली. समोर सगळं इंजिन थरथरत होतं, पंख्याचा वारा काचेवर आदळत होता. मी एकेका गोष्टीवर नजर ठेवून होते, पण काहीच वेगळं दिसेना. मग चढ खडा झाला, दत्तूअण्णानं पाय दाबला आणि एअर क्लीनरकडून इंजिनात हवा नेणारा तो जाड रबरी पाईप माझ्या डोळ्यांदेखत आत बसला. कुणीतरी मुठीत धरून दाबावा तसा. मागून आप्पा म्हणाले, आला, धूर आला.

"अण्णा, पाय सोडा," मी म्हणाले. त्यानं सोडला. पाईप फुगून पुन्हा गोल झाला. "आता द्या." पाईप पुन्हा चपटा झाला आणि मागून आप्पा पुन्हा म्हणाले, आला. आम्ही तसं पुन्हा पुन्हा केलं. मी पाईप चपटा झाला म्हणायचे आणि त्याच श्वासाला आप्पा धूर आला म्हणायचे. इंजिन जीव तोडून हवा ओढत होतं आणि त्याच्या ओढण्यानंच वाट बंद होत होती. अंगणात ते इतकी हवा ओढतच नव्हतं, म्हणून तिथं काही दिसत नव्हतं.

गाडी कडेला लावली. आप्पा पोत्यांवरून उतरून पुढं आले. त्यांनी पाईप हातानं चेपून बघितला. 

"ह्यो पाईप म्याच घातलाय," ते म्हणाले.

मग दत्तूअण्णालाही आठवलं. काही वर्षांपूर्वी तो बोरगावच्या एका अडलेल्या बाईला घेऊन बेळगावला येत असताना तवंदीच्या घाटात मूळचा पाईप फाटला होता. आप्पा त्या दिवशी कुणाची तरी गाडी घेऊन त्याच वाटेनं येत होते. त्यांनी जवळच्या उसाच्या रानातल्या पंपाचा मऊ पाईप कापून तिथं बसवला आणि गाडी चालू करून दिली. बाई वेळेत पोचली, मूल जगलं. नंतर चांगला पाईप घालू असं ठरलं आणि दोघंही विसरले. रबर तेलानं आणखी मऊ होत गेलं, धूर वाढत गेला, आणि दर पासिंगला आप्पा स्क्रू फिरवत गेले. दत्तूअण्णा म्हणाला, आप्पा, त्या दिवशी तुम्ही होता म्हणून ती बाई वाचली.  आप्पा उतारावरून चालतच बाजाराकडं निघाले.

दुपार कलल्यावर ते परत आले ते एका मोडीत निघालेल्या ट्रकचा पाईप घेऊन. आत तारेचं वेटोळं असलेला, कितीही ओढलं तरी न दबणारा. तो मापात कापून बसवला. मी पट्ट्या आवळल्या. पोती तशीच होती. पुन्हा चढावर गेलो. पाईप जिथल्या तिथं राहिला. आप्पा मागून काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्यावरूनच मला कळलं.

मंगळवारी सकाळी मैदानावर रांग होती. आमची पाळी जवळ आली तेव्हा आप्पांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बॉनेट उचललं. म्हणाले, थोडासाच कमी करतो, खात्रीला. मी त्यांची अवस्था ओळखत होते. इतकी वर्षं ज्या स्क्रूवर भिस्त ठेवली त्याला हात न लावता माणसाची रोजीरोटी साहेबांपुढं उभी करायची, हे त्यांना झेपत नव्हतं. मलाही आतून भीती वाटत होतीच. पण मी पंपावर हात ठेवला.

"नको आप्पा," मी म्हणाले. "दत्तूअण्णाला वरीस काढायचंय ह्या गाडीवर. आजच्याला कमी करून काय उपेग?"

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, नखांत बसलेल्या काळ्याकडं. मग स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि बॉनेट बंद केलं.

साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले. मागं माणसं बसवायला सांगितली. रांगेतले ड्रायव्हर चढले, दोघं जाडजूड होते. दत्तूअण्णानं निघताना आमच्याकडं बघितलंच नाही, ओठ घट्ट मिटले होते. गाडी चढाला लागली, मध्यावर आली, जिथं खडा चढ सुरू होतो तिथं आली. इंजिनाचा आवाज खोल गेला. सायलेन्सरमधून एक करडी फुंकर आली, वाऱ्यानं पांगली आणि नंतर नुसती ऊन हवा थरथरताना दिसली. गाडी वर पोचली, वळली आणि खाली आली. साहेब म्हणाले, "आयतु." झालं. पुढची गाडी बोलावली. दत्तूअण्णा गाडीतून उतरला तो आधी बाजूला जाऊन खोकला, पुष्कळ वेळ खोकला. मग येऊन आप्पांचे पाय धरायला वाकला तर आप्पांनी त्याचे खांदे धरून त्याला माझ्याकडं वळवलं. तो माझ्या पाया पडेल या भीतीनं मी घराकडं पळाले. आईनं रताळी भाजायला घातली होती.

दत्तूअण्णानं ती गाडी पुढं पुष्कळ वर्षं चालवली. वखारीत गेला नाही. सगळं तितकं गोड झालं असं मात्र नाही. काही ड्रायव्हर आमच्याकडून कायमचे तुटले. त्यांना खोलून दुरुस्त करायला वेळ नव्हता आणि आप्पा आता नुसता स्क्रू फिरवून द्यायला तयार नव्हते. काही सोमवार असे गेले की चिंचेखाली एकच गाडी असायची आणि आईच्या भाकऱ्या उरायच्या.  आलेल्या गाडीला आधी चढावर न्यायचं, बॉनेट काढून बघायचं, मग हात लावायचा, ही आमची रीत झाली. त्या निमित्तानं दत्तूअण्णानंच मला गाडी चालवायला शिकवली, रिकाम्या मैदानात, रविवारच्या रविवारी.

मग ते साहेब बदलून गेले. त्यांच्या जागी आलेले चढाकडं फिरकलेच नाहीत. पुन्हा पहिल्यासारखं मैदानात उभ्या उभ्या रेस, पुन्हा नुसती मान हलवणं. ही बातमी ड्रायव्हर लोकांत लगेच पसरली आणि त्या सोमवारी चिंचेखाली पुन्हा जागा उरली नाही. तुटलेले परत आले. त्यांच्यातला कोगनोळीचा एक जीपवाला, घाईतला माणूस, स्वतःच बॉनेट उघडून पंपाकडं बोट दाखवत म्हणाला, आप्पा, आता चढाची भानगड राहिली न्हाय, तेवढा स्क्रू फिरवून द्या, म्या मोकळा. रांगेतल्या सगळ्यांचे कान तिकडं होते. आप्पांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. आता अडवणारं कुणी नव्हतं, साहेबही नाहीत. आई पडवीत पापडांचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

आप्पांनी अंगणभर उभ्या गाड्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "गाडी माझी पोरगी बघती. ती काय म्हणंल ते."

जीपवाल्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या लुगड्याकडं, काळ्या हातांकडं. तो हसणार होता, पण मागं कुणीच हसेना. मी पदर खोचला, बॉनेट उतरवायला सांगितलं आणि हात पुढं करून त्याच्याकडं गाडीची चावी मागितली.